सामाईक धुराडे

माणसांची मने दुभंगली तरी विटांची जोडणी दुभंगत नाही, याचे एक उदाहरण आमच्या उताराच्या रस्त्यावर अद्याप उभे आहे. पाठीला पाठ लावलेल्या त्या दोन बेकऱ्या. एकीचे तोंड वरच्या रस्त्याकडे, दुसरीचे खालच्या गल्लीकडे. म्हणून लोक त्यांना वरची आणि खालची असे म्हणत आले. दोन्ही भट्ट्या मधल्या एकाच जाड भिंतीला टेकलेल्या आहेत आणि दोन्हींचा धूर त्या भिंतीतून वर गेलेल्या एकाच धुराड्यातून आकाशात जातो. मी या दोन्ही घरांना पीठ पुरवणारा गिरणीवाला. दोन्हीकडची पोती माझ्या हातांवरून जात, तशी दोन्हीकडची गाऱ्हाणीही माझ्या कानांवरून जात. त्यामुळे पुढील हकिकतीतील काही भाग मी स्वतः पाहिलेला आहे आणि उरलेला, ज्यांच्यावर तो गुदरला त्यांच्याच तोंडून ऐकलेला आहे.

बेकऱ्या ज्यांनी उभारल्या ते दोघे मित्र होते. एकाला पीठ कळे, दुसऱ्याला आग कळे, आणि व्यवहार दोघांनाही कळत नसे, असे माझे वडील गमतीने म्हणत. दोन धुराडी उभी करण्याइतक्या विटा जवळ नव्हत्या, म्हणून त्यांनी एकच बांधले आणि त्याच्याभोवती दोन नियम बांधले. पहिला नियम ठोक्याचा. धुराड्यात माणूस उतरवायचा असो वा भट्टी अवेळी पेटवायची असो, निखारे ओढण्याच्या लोखंडी आकड्याने आधी मधल्या भिंतीवर ठोका द्यायचा. पलीकडून उलट ठोका आला, म्हणजे ‘ऐकले, धुराडे तुमचे’ असा त्याचा अर्थ. उत्तर आल्यावाचून काडी ओढायची नाही आणि पायही आत टाकायचा नाही.

दुसरा नियम दोराचा, आणि तो मला आजही फार थोर वाटतो. धुराड्यात काजळी साचली की ती खरवडण्यासाठी एका सडपातळ माणसाला कमरेला दोर बांधून वरून आत सोडावे लागते. हा दोर धरणारा माणूस नेहमी दुसऱ्या घरचा असावा, असे त्या दोघांनी ठरवले होते. वरच्या घरचा आत उतरला तर दोर खालच्याने धरायचा; खालचा उतरला तर वरच्याने. ज्याच्या हाती तुमच्या मुलाचा दोर आहे तो छपरावर उभा असतो. तो खाली जाऊन भट्टी पेटवू शकत नाही. मला तर असेही वाटते की, ज्याच्या हाती दोर दिला त्याच्याशी भांडण फार दिवस टिकत नाही, हेही त्या वृद्धांनी ओळखले असावे. परंतु ते त्यांनी कुणाला समजावून सांगितले नाही. नियम मागे राहिला आणि त्याचे कारण त्यांच्याबरोबर गेले.

वैर कसे पडले ते आता सांगतो. वरच्या बेकरीचे संस्थापक वारले, तेव्हा त्यांचा मुलगा, ज्याला आज सारे आबा म्हणतात, ऐन तारुण्यात होता. वडिलांचे प्रेत घरात होते. आबांनी सहज खिडकीतून वर पाहिले आणि त्यांना धुराड्यातून धूर निघताना दिसला. आपली भट्टी तर थंड. म्हणजे खालच्यांनी पेटवली. बाप मेल्याच्या दिवशी! थोड्या वेळाने खालच्या बेकरीचे वृद्ध मालक पावाची टोपली घेऊन बाजूच्या दाराशी आले. दारात आबांची थोरली बहीण होती. तिला रस्त्यावरची सगळी माणसे आत्या म्हणतात, तसेच मीही म्हणतो. आत्या रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी म्हणाली, “आमच्या घरात माणूस गेलंय आणि तुम्हांला धंदा सुचतोय? घेऊन जा ते.”

ते वृद्ध गृहस्थ टोपली उचलून आले तसे परत गेले.

“कोण आलं होतं?” आबांनी विचारले.

“खालचे. दुकानातले उरलेसुरले पाव आणून टाकत होते,” आत्या म्हणाली.

एवढेच. तथापि एवढेही पुरले. आबा आणि खालच्यांचा मुलगा भाऊ, हे दोघे एका ताटात जेवून वाढलेले. एकमेकांना आब्या आणि भावड्या म्हणणारे. त्या दिवसापासून त्यांच्यातले बोलणे बंद झाले. पुढे भाऊंचे वडील वारले तेव्हा आबा गेले नाहीत. वरच्या बेकरीने पाटीवर ‘मूळ बेकरी’ असे रंगवून घेतले; खालच्यांनी ‘आद्य बेकरी’ असे लिहवून घेतले. वरच्यांनी ‘मूळ’च्या आधी ‘एकमेव’ जोडले. रंगाऱ्याची मात्र चांदी झाली. त्याने एकदा माझ्या गिरणीत बसून मोठ्या गांभीर्याने सांगितले, “हे दोघे समेट करतील तर माझ्या पोटावर पाय येईल हो.”

दोराचा नियम मोडला; ज्याचा माणूस, त्याचाच दोर. ठोक्याचा नियम मात्र राहिला, कारण वैर वेगळे असले तरी धूर सामाईक होता. पण त्यातही माणसांनी आपला स्वभाव घातलाच. भाऊ ठोका इतक्या जोराने देत की आबांच्या फळीवरचे डबे खाली पडत. आबा उत्तर द्यायला इतका उशीर करीत की खालची माणसे आकडा हातात धरून ताटकळत उभी राहत. “अजून जिवंत आहेत का बघा रे,” असे भाऊ भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत.

अशी वर्षे गेली आणि दोन्ही घरांत मुले मोठी झाली.

आबांना एकच मुलगी. तिचे पाळण्यातले नाव काय ते देव जाणे. सारे तिला बेबी म्हणत. पंचविशीला आली, आईमागे सगळी बेकरी तिच्या हाताखाली आली, केकवर तिच्यासारखी वेल काढणारा कारागीर आमच्या भागात दुसरा नव्हता, तरी नाव बेबीच. भाऊंचा मुलगा उंच आणि काडीसारखा बारीक, म्हणून त्याचे नाव लंबू पडले. धुराड्यात उतरण्याचे काम आपसूक त्याच्याकडे आले. तो म्हणे, “देवानं मला माणूस करताना कुंचा करायचा बेत बदलला असणार.”

या दोघांची गाठ माझ्या गिरणीत पडे. दळणाच्या आवाजात बोललेले शेजारच्यालाही ऐकू येत नाही, त्यामुळे गिरणीइतकी खाजगी जागा जगात नाही. मी दोघांनाही पोती मोजून देई आणि मान फिरवून पट्टा तपासत बसे. दोघांच्या अंगावर पीठ उडे आणि मग कोण वरचा नि कोण खालचा, हे रंगावरून काही कळत नसे.

एकदा जाते थांबले आणि त्यांचे बोलणे मात्र थांबले नाही, तेव्हा मला अनाहूतपणे ऐकू आले.

“पळून जाऊ म्हणतोस, पण पळून करणार काय?” बेबी म्हणत होती. “तुला पाव सोडून काय येतं?”

“तुला तरी काय येतं?”

“मला केक येतो.”

“मग तू कमव, मी खातो.” आणि मग हसू थांबल्यावर तो म्हणाला, “नाही बेबी. पळायचं नाही. मी तुझ्या आबांना जाऊन विचारणार आहे.”

“लग्नाचं? ते तुला फळ्यानं हाणतील.” ज्या लांब दांड्याच्या लाकडी फळ्याने पाव भट्टीत सारतात, त्याविषयी ती बोलत होती.

“लग्नाचं नाही विचारणार. दोराचं विचारीन. त्यांनी एकदा माझा दोर धरला ना, की पुढचं सगळं आपोआप होईल.”

मी मनात म्हटले, पोरगा लांब आहे तसाच खोलही आहे.

आणि तो खरोखरच गेला. सकाळच्या गिऱ्हाइकीच्या वेळी, वरच्या दारातून, भरल्या दुकानात. खालच्या घरचे माणूस त्या उंबऱ्याच्या आत कित्येक वर्षांत आले नव्हते. मी पोती उतरवायला तिथेच होतो. आबांनी त्याला पाहिले आणि हातातला सुरा खाली ठेवला.

“शिळे पाव संध्याकाळी मिळतात,” ते म्हणाले.

“पाव नको, आबा. माणूस पाहिजे. धुराडं भरलंय, मला उतरायचंय. दोर धरायला माणूस पाहिजे.”

“तुझ्या बापाचे हात मोडले काय?”

“नाही, शाबूत आहेत. पण आजोबांचा नियम होता, दोर दुसऱ्या घरच्यानं धरायचा. या खेपेला तुम्ही धरा.”

दुकानातली माणसे पाव घ्यायचे विसरली. बेबी कोपऱ्यात केकवर पाकळ्या काढत होती. तिच्या हातातून एक पाकळी नको तितकी मोठी होत गेली.

“आणि मी सोडला दोर, तर?” आबांनी विचारले.

“सोडा की,” लंबू शांतपणे म्हणाला. “फक्त बेबीला तुम्हीच सांगायचं.”

कुणीतरी फिस्सकन हसले. आबांचा चेहरा भट्टीच्या तोंडासारखा लाल झाला. “चालता हो,” ते म्हणाले. “तुझ्या घरच्यांनी माझा बाप उंबऱ्याच्या आत असताना भट्टी पेटवली. त्या धुराचा वास अजून माझ्या नाकात आहे. चालता हो म्हणतो ना!”

“जातो. पण दोर नवा घेतलाय, आबा. चांगला मऊ आहे, हाताला लागत नाही. विचार करा.” असे बोलून तो दाराच्या चौकटीखाली मान वाकवून निघून गेला.

त्या दिवशी वरच्या घरात काय झाले ते मला आत्याने पुढे सांगितले. बेबी जेवली नाही आणि रडलीही नाही. नुसती उभी राहून परात घासत राहिली. आबा म्हणाले, “तिला सांग, त्या घरात मुलगी देण्यापेक्षा...” आणि वाक्य पुरे करायला त्यांना शब्द सापडेना. तेव्हा आत्या त्यांच्यासमोर येऊन बसली.

“आबा, तुला एक सांगायचं राहिलंय.”

“काय?”

“ते पाव हातानं वळलेले होते.”

बेकरीवाल्याच्या घरात या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, परंतु वाचकांसाठी सांगतो. आमच्या रस्त्यावर विकायचे पाव साच्यात भाजतात. सारखे, चौकोनी, एकमेकांना चिकटलेले. हाताने वळलेला गोल पाव कुणी विकत नाही. तो फक्त घरच्या माणसांसाठी करतात.

“टोपलीवरचा कपडा मी उचलून बघितला होता,” आत्या म्हणाली. “गोल होते. गरम होते. आपल्या घरात चूल पेटवायला कुणाचे हात उठणार नाहीत, म्हणून त्या म्हाताऱ्यानं आपल्यासाठी भट्टी पेटवली होती. मला त्याच क्षणी कळलं. पण बाबा गेले होते, मला कुणावर तरी ओरडायचं होतं. आणि तू विचारलंस तेव्हा... तेव्हा उरलेसुरले म्हणून गेले.”

“मग नंतर का नाही बोललीस?”

“आधी वाटलं, उद्या सांगू. मग तू त्यांच्याशी बोलणं सोडलंस, मग पाटी रंगवलीस, मग त्यांचा म्हातारा गेला आणि तू गेला नाहीस. जितकं जास्त झालं तितकं माझं तोंड शिवलं गेलं. आज त्या पोरानं सगळ्यांसमोर दोर मागितला आणि मला घास गिळवेना.”

आबांनी फक्त इतकेच विचारले, “मीठ होतं का गं त्यात? म्हातारा नेहमी मीठ विसरायचा.” आणि डोळ्यांना पंचा लावला.

इकडे खालच्या घरी निराळेच चालले होते. गिऱ्हाइकांनी वरचा प्रसंग तिखटमीठ लावून खाली पोचवला होता. भाऊ माझ्या गिरणीत आले ते पोत्यावर मूठ आपटतच.

“माझ्या पोरानं त्याच्या दारात जाऊन हात पसरले! आणि त्यानं चारचौघांत हाकलून दिलं!”

“हात पसरले नाहीत, भाऊ. नियमाची आठवण दिली,” मी म्हणालो. “नियम चांगला होता.”

“तू पीठ दळ.”

“दळतोच आहे. पण ऐका...”

“ऐकायचं काय? आता त्यांच्या भिंतीवर माझ्या घरातून ठोकासुद्धा जाणार नाही. परवा त्यांची सुट्टी असते, त्यांची भट्टी थंडच असते. परवाच धुराडं साफ करून टाकतो. दोर माझा, पोरगा माझा. कुणापुढे तोंड वेंगाडायला नको.”

त्यात चूक काढावी असे मलाही काही दिसले नाही. सुट्टीच्या दिवशी वरची भट्टी पेटल्याचे कुणाच्याही स्मरणात नव्हते. धुराड्यात धूर नाही, तर ठोका कशाला? तर्क अगदी बरोबर होता. किंबहुना तो बरोबर होता, हेच त्याचे दुर्दैव होते.

कारण त्याच सुट्टीच्या दिवसाची आबाही वाट पाहत होते. त्यांनी मनाशी ठरवले होते की, गिऱ्हाईक नाही, विक्री नाही, अशा दिवशी भट्टी पेटवायची. स्वतःच्या हातांनी गोल पाव वळायचे. तीच जुनी टोपली भरायची आणि ती घेऊन आपण खालच्या दारात उभे राहायचे. त्यांनी घेतली तर बेबीचे बोलायचे. न घेतली तर, आबा आत्याला म्हणाले, “फिटंफाट झाली म्हणायची.” सुट्टीच्या दिवशी पेटवलेल्या भट्टीतले पाव विक्रीचे असूच शकत नाहीत, हे भावड्याला सांगावे लागणार नाही, अशी त्यांची खात्री होती. बेबीला त्यांनी यातले काही कळू दिले नाही. जेवण झाल्यावर तिला काहीतरी निमित्त काढून बाजारात पाठवले.

पीठ फुगले. पाव वळून झाले. आत्या म्हणाली, “ठोका देतोस ना? अवेळी पेटवतोयस.”

आबांनी आकडा हातात घेतला. मग पुन्हा खुंटीला टांगला.

“ठोका दिला तर भावड्याला कळेल काहीतरी चाललंय. उगाच काहीबाही तर्क करील. टोपली दारात बघेल तेव्हाच कळू दे.”

म्हाताऱ्या माणसाला कधी नव्हे ते लहान मुलासारखे लपवून आणून दाखवावेसे वाटले. त्याला मी कोणत्या तोंडाने दोष देऊ? एकाने अभिमानापोटी ठोका दिला नाही, दुसऱ्याने प्रेमापोटी दिला नाही. भिंतीला दोन्ही सारखेच.

लंबू तेव्हा धुराड्यात होता. विटांच्या खाचांत पाय रोवून तो बराच खाली उतरला होता आणि कुंच्याने काजळी पाडत होता. भाऊ छपरावर दोर धरून उभे होते. भट्टी बंद म्हणून खालच्या कामगारांना भाऊंनी त्या दिवशी रजा दिली होती. भाऊंच्या सांगण्याप्रमाणे लंबू आतून शीळ घालत होता. मग शीळ थांबली.

सुकी लाकडे पेटायला वेळ लागत नाही. धुराड्यातून पहिला धूर वर आला तेव्हा तो काजळीचाच असावा असे भाऊंना वाटले. मग दोराला हिसका बसला. पुन्हा हिसका बसला, आणि मग दोर एकदम जड झाला. भाऊंनी पाय छपराच्या कठड्याला टेकवून जीव खाऊन ओढला. इथे त्या जुन्या नियमाचा आणखी एक अर्थ लक्षात येतो, जो आम्हा कुणालाच पूर्वी सुचला नव्हता. शुद्धीवर असलेल्या माणसाचा दोर एकटा धरू शकतो. तो स्वतः चढत असतो. शुद्ध गेलेल्याला वर काढायला दोघे लागतात; आणि दोर दुसऱ्या घरच्याने धरला, तर मुलाच्या घरचाही माणूस छपरावर शेजारी मोकळा उभा असतोच. एकट्या भाऊंना त्याला पडू न देणे एवढेच शक्य होते. ते दोर सोडून मदतीला धावू शकत नव्हते, आणि दोर धरून त्याला वाचवूही शकत नव्हते.

“आब्या!” ते ओरडले. “आब्या, आग काढ! पोरगा आत आहे!”

त्या हाकेने सारा रस्ता बाहेर आला, मीही धावलो. परंतु जाड भिंतीच्या आत, तडतडणाऱ्या लाकडांसमोर, आबांना ती ऐकू आली नाही. त्यापूर्वी भिंतीत वर कुठेतरी टकटक झाली होती, ती मात्र त्यांनी ऐकली होती. आत्याही म्हणाली होती, “आबा, काय वाजलं?” ते म्हणाले, “थंड विटा तापल्या की वाजतात,” आणि आणखी एक लाकूड आत सारले होते. तापलेल्या विटा वाजतात, हे खरेच आहे.

बाजारातून परत येत असलेल्या बेबीने खालून छपराकडे पाहिले. एका दृष्टिक्षेपात तिला सर्व कळले. ती बाजूच्या दाराने आत शिरली, हंड्यातले पाणी भट्टीच्या तोंडात फेकले आणि आकड्याने जळती लाकडे पायांजवळ ओढू लागली. “आबा, लंबू आत आहे!” एवढेच ती बोलली. तिच्या पायांवरचे डाग अजून आहेत.

आबा छपरावर कसे पोचले ते त्यांना स्वतःला आठवत नाही. मी शिडीवर होतो, त्यांनी मला बाजूला ढकलले, आणि भाऊंच्या मागे उभे राहून दोर धरला. नवा दोर, मऊ, हाताला न लागणारा. दोघांनी मिळून ओढला. एका ताटात जेवलेल्या त्या दोन माणसांनी एकमेकांकडे न पाहता, एकाच तालात, श्वासाला श्वास जुळवून ओढला. आणि पोर वर आले. काजळीने माखलेले, ओळखू न येणारे.

तो तेथेच गेला असता, तर कदाचित सोपे झाले असते. रुग्णालयात तो काही दिवस होता. आतून सर्व भाजल्यासारखे झाले होते, असे डॉक्टर म्हणाले. बाहेरच्या बाकावर एका टोकाला भाऊ आणि दुसऱ्या टोकाला आबा बसत. मध्ये कुणी बसत नसे. आबांनी एकदाच तोंड उघडले.

“भावड्या, मी तुमच्यासाठी पाव...”

“सुट्टीच्या दिवशी?” भाऊ म्हणाले. “सुट्टीच्या दिवशी कोण भट्टी पेटवतं?”

“तुझ्या बापानं पेटवली होती,” आबा म्हणाले. “माझा बाप गेला त्या दिवशी. गोल पाव होते. मला आत्ता कळलं.”

भाऊ भिंतीकडे पाहत राहिले.

लंबूचा आवाज गेला होता, नुसती कुजबुज राहिली होती. शेवटी शेवटी बेबी त्याच्या उशाशी होती; तिला कुणी अडवले नाही. त्याने विचारले, “दोर कोणी धरला?”

“दोघांनी,” ती म्हणाली.

“आबांनी पण?”

“आबांनी पण.”

“मग झालं,” तो म्हणाला. “आता नाही म्हणायची सोय नाही त्यांना.” आणि हसायला गेला, तर खोकल्याने त्याला हसू दिले नाही.

तो पहाटे गेला. त्याला खालच्या घरी आणले तेव्हा, सकाळी, मी वरच्या घरी होतो. भट्टीसमोर आबा बसले होते. लाकडे रचलेली, काडीपेटी हातात, आणि हात उठत नव्हता. आत्याने पीठ मळून गोल पाव वळून ठेवले होते.

“नाही पेटवणार,” आबा म्हणाले. “याच धुराड्यातून? आज? ते काय म्हणतील?”

“आणि नाही पेटवली तर ते खातील काय?” आत्या म्हणाली. “त्यांच्या घरात आज कोण चुलीपाशी जाईल? आबा, त्यांच्या म्हाताऱ्याला हाच प्रश्न पडला असेल रे. त्यानं पेटवली. मी टोपली परत पाठवली.”

त्या दोघांचे बोलणे तसेच अडकून राहिले असते. बेबी कोपऱ्यातून उठली. पायांना पट्ट्या बांधलेल्या होत्या, त्यामुळे ती भिंतीचा आधार घेत आली. तिने खुंटीवरचा आकडा काढला आणि मधल्या भिंतीवर ठोका दिला. एकच, आणि फार हळू.

आम्ही सारे भिंतीकडे पाहत उभे राहिलो. पलीकडे पुष्कळ माणसे असावीत. पावलांचा आवाज येत होता. मग तोही थांबला. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. आबा एकेकाळी मुद्दाम उशीर करीत, त्यापेक्षाही अधिक वेळ गेला असेल. मी मनात म्हटले, उत्तर येणार नाही, आणि कोणत्या न्यायाने यावे?

मग पलीकडून ठोका आला.

आबांनी काडी ओढली. धूर वर गेला. प्रेत घरात असताना त्याच धुराड्यातून दुसऱ्यांदा धूर निघताना सगळ्या रस्त्याने मान वर करून पाहिला, आणि या खेपेला कुणी काही बोलले नाही.

टोपली आत्याने नेली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मी तिच्यामागे होतो. खालच्या दारात लंबूची आई उभी होती.

“हातानं वळलेत,” आत्या म्हणाली. “मी तुमच्या सासऱ्यांना असल्याच पावांसकट परत पाठवलं होतं, वहिनी. तुम्हांला परत पाठवायचे असतील तर पाठवा. मी इथेच उभी आहे.”

त्या माउलीने कपडा उचलून पाहिले. मग दोन्ही हात पुढे केले.

“आत या,” ती म्हणाली. “टोपली जड आहे.”

आज वरच्या दुकानावर आणि खालच्या दुकानावर पाट्या आहेत, परंतु त्यांवर काही लिहिलेले नाही. दोघांनीही जुनी अक्षरे पुसली आणि नवी रंगवून घेतली नाहीत. बेबीने लग्न केले नाही. ती दोन्ही घरांच्या भट्ट्या पाहते आणि भाऊंना औषध देते. धुराडे साफ करायला आता बाहेरून माणूस येतो. त्याचा दोर आबा आणि भाऊ मिळून धरतात, जरी त्याने अनेकदा सांगितले आहे की एकाने धरला तरी चालेल.

त्या दिवशीचे पाव कुणी खाल्ले की तसेच राहिले, ते मला ठाऊक नाही. मी विचारले नाही. टोपली दुसऱ्या दिवशी धुऊन परत आली, एवढे मी पाहिले.